मामींच्या अंगणातलं पिवळं क्रोटन

क्रोटन आपल्याकडे इतकं सगळीकडे असतं की त्याच्याकडे थांबून बघायचं कुणाला सुचत नाही. कोकणात गडग्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, विश्रामगृहाच्या पायऱ्यांशी, पुण्या-मुंबईत सोसायटीच्या फाटकापाशी ते असतंच. कुणी लावलं ते आठवत नाही, पाणी कोण घालतं तेही माहीत नसतं, आणि तरी बारा महिने रंगीत पानं घेऊन ते उभं असतं. मला हे झाड मनापासून आवडतं. गेली काही वर्षं मी गच्चीवर कुंड्यांतून ते वाढवतेय, आणि त्यातलं एक मामींच्या अंगणातल्या एकुलत्या एका वेगळ्या फांदीपासून केलेलं आहे. ती फांदी कशी टिकवली, पुण्याच्या हवापाण्यात कशी रुळवली आणि झाड बुटकं, भरगच्च कसं ठेवलं ते जरा सविस्तर लिहिते. क्रोटनबद्दल सगळे ‘लावा आणि विसरा’ म्हणतात. जमिनीतल्या झाडाला ते लागू पडतं, कुंडीतल्याला नाही.

मामींचं घर गुहागरजवळ. अंगणातून विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर क्रोटनची जुनी रांग आहे, माणसापेक्षा उंच गेलेली. खालून नुसत्या काटक्या आणि वर पानांचा झुबका. वर्षानुवर्षं छाटलं नाही की क्रोटन असंच उलट्या खराट्यासारखं होतं. पान रुंद, हिरवं, शिरा पिवळ्या. पान जुनं होत गेलं की केशरी आणि मग तांबडं. नर्सरीत ‘पेट्रा’ नावाने मिळतं, साधारण त्याच्या जवळचं. गणपतीत मखराला हीच पानं लागतात, कारण तोडल्यावर ती पाण्यात बरेच दिवस ताजी राहतात. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून वाटेच्या कडेला लावलं, असं मामी सांगतात.

एकदा मे महिन्यात विहिरीवरून येताना त्या रांगेतल्या एका झाडावर वेगळीच फांदी दिसली. पानांचा मधला सगळा भाग फिकट पिवळा, कडेला हिरवी बारीक किनार, तीही तुटक तुटक. खालची जुनी पानं तांबडी व्हायच्या ऐवजी गुलाबीवर गेलेली. पहिली शंका आली ती अन्नद्रव्याच्या कमतरतेची, पण तसं असतं तर झाडभर दिसलं असतं. इथे एकाच फांदीची सगळी पानं देठापासून शेंड्यापर्यंत तशी होती आणि ती जिथून फुटली होती त्याच्या वरची-खालची पानं नेहमीची.

क्रोटनमध्ये हे होतं. एखाद्या डोळ्यातल्या, म्हणजे पानाच्या बगलेतल्या कोंबातल्या, पेशींत बदल घडतो आणि त्या डोळ्यातून आलेली फांदी वेगळ्या रंगाची, कधी वेगळ्या आकाराचीही निघते. क्रोटनचे आज शेकड्यांनी प्रकार आहेत ते काही संकरातून आले, तर काही अशा एखाद्या फांदीवर कुणाची तरी नजर पडली म्हणून राहिले. बारीक सोनेरी ठिपक्यांचं ‘गोल्ड डस्ट’, गवतासारख्या अरुंद पानांचं ‘झांझिबार’, पीळ पडलेल्या पानांचं ‘मॅमी’, आणि ज्याचं पान मध्येच तुटून नुसत्या शिरेला पुढचा तुकडा लटकतो ते ‘इंटरप्टम’ – ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच जातीची झाडं. मूळ घर मलेशिया-इंडोनेशियापासून उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहिलेल्या रुम्फियस या वनस्पती-अभ्यासकाने सतराव्या शतकात त्याचं वर्णन करून ठेवलं. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याला क्रोटन या प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं. पुढे शास्त्रज्ञांनी ते काढून ‘कोडिएम’ या प्रजातीत नेलं, पण बागेत जुनं नाव राहिलं ते राहिलंच. खऱ्या क्रोटन प्रजातीतलं आपल्या ओळखीचं झाड म्हणजे जमालगोटा. दोघंही एरंडाच्या कुळातली, आणि रबर, साबुदाण्याचा टॅपिओका हेही त्याच कुळातले. १८६०च्या दशकात लंडनच्या चेल्सीतल्या व्हीच नर्सरीने पॅसिफिक बेटांवरून याचे प्रकार नेले आणि तिकडच्या काचघरांतून क्रोटनचं वेड पसरलं. तिकडे ज्याला काचघर लागतं ते आपल्याकडे गडग्याला लागून फुकट वाढतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मामींना फांदी दाखवली तर त्या म्हणाल्या, “अगो, हवी तर आत्ताच तोडून घे. पाऊस पडला की परत माजेल ते.”

“झाड माजेल हो मामी, पण ही फांदी परत येईलच असं नाही.”

अडचण तीच होती. बियांचा उपयोग नाही. क्रोटनला फुलोरा येतो, लांब दोऱ्यांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी लागतात, क्वचित बीही धरतं, पण बियांतून आईसारखं झाड मिळत नाही. दुसरा मार्ग फाटे कलमाचा, म्हणजे वीतभर तुकडा तोडून लावायचा. नेहमीच्या हिरव्या-तांबड्या क्रोटनचे तुकडे पावसाळ्यात सहज लागतात. पण या फांदीच्या पानांत हिरवा भाग मुळात थोडा. झाडापासून तोडल्यावर मुळं फुटेपर्यंत तिने जगायचं कशावर? आणि फांदी एकच. गेली तर गेली. म्हणून गुटी, म्हणजे फांदीची साल सोलून तिथेच ओल्या मॉसची (वाळवलेल्या शेवाळाची) पोटली बांधून मुळं काढायची. गुटीत फांदी आईच्या अंगावरच राहते, पाणी तिच्याकडूनच घेते आणि मुळं धरल्यावरच वेगळी होते. एकच फांदी असेल तर गुटीशिवाय दुसरं काही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मे महिना गुटीला चांगला नाही. कोरड्या उन्हात मॉस सुकत राहतं आणि झाडातही रसाचा जोर कमी असतो. मी फांदीला लाल नाडी बांधून ठेवली, कारण पावसाच्या तोंडावर वाटेची सफाई करायला गडी येतो आणि त्याच्या कोयत्याला पिवळं-हिरवं कळत नाही. मामींनाही बजावून ठेवलं. मृगाचा पाऊस पडून हवेत दमटपणा आल्यावर परत गेले.

जागा निवडताना दोन गोष्टी बघितल्या. एक, काप पिवळ्या फांदीवरच हवा, ती जिथून फुटलीय त्याच्या खाली गेला तर मुळांच्या वरच्या भागात जुन्या झाडाचेही डोळे राहतात आणि पुढे तेच जोर करतात. दोन, फांदी तिथे पेन्सिलीएवढी जाड आणि हिरव्याची तपकिरी होत आलेली हवी. अगदी कोवळी कुजते, फार जुनी असेल तर मुळं यायला वेळ लावते. शेंड्यापासून हातभर खाली अशी जागा मिळाली. काप अजून वरही घेता आला असता, पण मला कापाच्या वर दोन छोट्या बगलफांद्या हव्या होत्या. झाड बुटकं आणि भरगच्च ठेवायचं असेल तर त्याची तयारी इथूनच होते. एकाच दांड्याची गुटी घेतली की पुढे एक-दोन वर्षं नुसती फांद्या फोडण्यात जातात.

कापाच्या आसपासची पानं काढली. एका डोळ्याच्या लगेच खाली धारदार चाकूने गोल काप घेतला, दोन सेंटिमीटर खाली दुसरा, दोन्हींच्या मध्ये उभी चीर दिली आणि साल अंगठ्याने फिरवून अख्खी सोलून काढली. पावसाळ्यात साल मोकळी असते, अंगठीसारखी सुटून येते. लगेच चीक वाहायला लागतो. ओल्या फडक्याने तो पुसत राहायचं आणि थांबेपर्यंत थांबायचं. साल निघाल्यावर खालच्या पांढऱ्या लाकडावर बुळबुळीत थर राहतो, तो चाकूच्या पाठीने खरवडून लाकूड कोरडं, खरखरीत लागेपर्यंत साफ केलं. ही पायरी बरेच जण सोडतात. तो थर जिवंत असतो. राहिला तर वरची आणि खालची साल पुन्हा जोडली जाते आणि महिन्याभराने पोटली सोडून बघावी तर मुळांचा पत्ता नाही. साल का काढायची, तर पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली जातं आणि मुळांनी घेतलेलं पाणी लाकडातून वर येतं. साल काढली की पाणी येत राहतं, अन्न मात्र कापाच्या वरच्या ओठाशी अडून साचतं, आणि मुळं फुटतात ती त्या वरच्या ओठातूनच. म्हणून मुळं फुटायची पावडर तिथेच लावायची, सगळीकडे फासून फायदा नाही.

मॉस रात्रभर भिजवून ठेवलं होतं. ते मुठीत घट्ट पिळलं, थेंब पडायचा थांबेपर्यंत. कोकणातल्या पावसात गुटी सुकून मरत नाही, कुजून मरते. आधी पारदर्शक प्लास्टिक खालच्या बाजूला सुतळीने बांधून घेतलं, मग दोन मुठी मॉस कापाभोवती दाबून बसवलं, प्लास्टिक वर ओढलं आणि वरची गाठ विशेष घट्ट मारली, कारण पावसाचं पाणी दांड्यावरून ओघळून नेमकं तिथूनच आत शिरतं. वरून गोणपाटाचा तुकडा गुंडाळला. मुळांना अंधार मिळतो, आणि बघायचं असेल तेव्हा गोणपाट बाजूला करून प्लास्टिकमधून दिसतं. पोटलीच्या वजनाने वाऱ्यात फांदी पिचू नये म्हणून शेजारी बांबू रोवून तिला आधार दिला.

मी पुण्याला आले. पुढचं सगळं मामींनी केलं. मधूनमधून गोणपाट उचलून फोटो पाठवायच्या. साधारण महिना झाल्यावर फोन आला, “अगो, तुझ्या पोटलीत पांढरे दोरे दिसतायत. तोडू का?” मी नको म्हटलं. पहिली पांढरी मुळं काचेइतकी ठिसूळ असतात, कुंडीत लावताना हात लागला की तुटतात. ती जराशी तपकिरी होऊन त्यांना बारीक फाटे फुटू द्यावेत. गणपतीच्या आठवडाभर आधी मामींनी माझ्या सांगण्यावरून पोटलीच्या खाली अर्ध्या दांड्यापर्यंत खाच दिली. एका झटक्यात तोडलं की फांदी दचकते. अर्धी खाच दिली की ती स्वतःच्या मुळांवर यायला लागते. गणपतीला गेले तेव्हा उरलेला अर्धा कापला.

प्रवासासाठी निम्मी पानं काढून टाकली. जीव तुटतो, पण मुळं मूठभर आणि पानं घमेलंभर असं गणित जमत नाही. उरलेली पानं वर गोळा करून वर्तमानपत्राच्या नळीत घातली, मॉसचा गोळा ओल्या फडक्यात आणि मग पिशवीत. गणपतीच्या परतीची एसटी, कुंभार्ली घाट, कऱ्हाड, सातारा. सगळा रस्ता खिडकी बंद ठेवली आणि झाड मांडीवर. वाऱ्याचा मारा क्रोटनला सहन होत नाही.

कुंडीतल्या मातीचं जरा जास्त लिहिते, कारण देशावर क्रोटन बिघडतं ते बहुतेक मातीपाण्यामुळे. कोकणातली जांभ्याची माती आंबट असते, इतक्या पावसात तिच्यातला चुना धुऊन गेलेला असतो, आणि क्रोटनला तेच मानवतं. साडेपाच ते साडेसहा सामूच्या (पीएचच्या) मातीत ते खूश असतं. पुण्याकडची काळी माती अल्कधर्मी, ओली झाली की लगदा आणि वाळली की भेगा. मी मामींकडची थोडी माती बरोबर आणली होती. ती दोन भाग, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग भाताची तुसं आणि विटांचे बारीक तुकडे, वर मूठभर निंबोळी पेंड. मामींच्या मातीवर अडून बसायची गरज नाही, नर्सरीतल्या तांबड्या मातीत कोकोपीट आणि तूस वाढवलं तरी चालतं. मॉस सोडवत बसले नाही, गोळ्यासकट लावलं. कुंडी लहानच घेतली, आठ इंची. मोठ्या कुंडीत लहान मुळांभोवती ओल साचून राहते.

पहिले काही आठवडे झाड ग्रिलच्या सावलीत, वरून मोठी पारदर्शक पिशवी सैल टाकलेली. मग पिशवी रोज थोडा वेळ काढायची, वेळ वाढवत न्यायची. खालची पानं पिवळी पडून गळली. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतं, हा त्याचा स्वभावच आहे. नर्सरीतून आणलेलं झाडही घरी येऊन तेच करतं आणि लोक घाबरून पाणी वाढवतात किंवा कुंडी रोज नव्या कोपऱ्यात हलवतात. शेंडा टवटवीत आणि दांडा नखाने खरवडल्यावर हिरवा असेल तर काहीच करायचं नाही. दसऱ्याच्या सुमारास शेंड्यातून नवं पान आलं, आणि त्यावर तो फिकट पिवळा होता.

आता रंगाबद्दल. क्रोटनचा रंग उजेड घडवतो. आंबा, जांभूळ यांची कोवळी पालवी तांबूस असते आणि जून होताना हिरवी होत जाते. क्रोटनचं उलटं चालतं. बऱ्याच प्रकारांत नवं पान हिरवं-पिवळं येतं, आणि जून होताना त्यातलं हरितद्रव्य कमी होत जाऊन तांबडी रंगद्रव्यं भरतात. हे व्हायला ऊन लागतं. सावलीत झाड मरत नाही, पण मिळेल तेवढा उजेड टिपायला नवी पानं जास्त हिरवी काढतं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातलं क्रोटन सहा महिन्यांत हिरवंगार होतं ते याचमुळे, त्यात नर्सरीवाल्याचा दोष नसतो. माझ्या गच्चीची पूर्वेची बाजू अकरापर्यंत उन्हात असते. झाड तिथेच ठेवलंय, जागा बदलत नाही. फक्त मधूनमधून कुंडी जागच्या जागी पाव फिरवते, म्हणजे एकाच बाजूने रंग आणि एकाच बाजूला कल असं होत नाही.

पिवळ्या पानांना ऊन हवं, पण सोसवत नाही, ही या झाडाची खरी नाजूक बाब. बाजूच्या कुंडीतलं हिरवं-तांबडं क्रोटन मे महिन्यातलं दोनचं ऊनही निभावून नेतं. या झाडाच्या पानाचा पिवळा भाग एप्रिलमध्येच कडेने तपकिरी कागद व्हायला लागतो. म्हणून होळी झाली की वर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधते आणि पाऊस लागला की काढते. थंडीत वेगळा प्रकार. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा वाढ पूर्ण थांबते आणि खालची काही पानं गळतात. त्या दिवसांत मी पाणी निम्म्यावर आणते, खत अजिबात देत नाही आणि छाटणीला हात लावत नाही.

पाण्याबद्दल सांगायचं तर क्रोटन तहान लपवत नाही. पानं खाली लोंबायला लागतात, पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत उभी राहतात. पण वारंवार असं होऊ दिलं की ते पानं टाकतं. बोटाचं एक पेर माती कोरडी लागली की पाणी, हा हिशेब पुरतो. खडकवासल्याचं नळाचं पाणी चालतं. उन्हाळ्यात सोसायटी बोअरचं पाणी मिसळते तेव्हा खरी पंचाईत. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरायला लागतो, मातीचा सामू वर चढतो, आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. नव्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका दिसतो. मुळातच पिवळ्या असलेल्या झाडात हे ओळखायचं कसं? मी पानाची किनार बघते. या झाडाची किनार गडद हिरवी असायला हवी. ती पोपटी व्हायला लागली की समजायचं. पावसाळ्यात ड्रम भरून ठेवलेलं पाणी मी याच झाडासाठी राखते, आणि गरज पडली तर चिमूटभर हिराकस (फेरस सल्फेट) बादलीभर पाण्यात विरघळवून मुळाशी घालते. खत कमीच: पावसाच्या आधी आणि पावसानंतर गांडूळखत, बास. नत्राचा मारा केला की पानं मोठी होतात आणि हिरवी होतात. हिरव्या पानांसाठी दुसरी पुष्कळ झाडं आहेत.

छाटणीची लोकांना भीती वाटते, आणि तीच नेमकी करायला हवी. क्रोटनचा शेंडा भारी हुकमी असतो, तो जिवंत आहे तोवर खालचे डोळे झोपून राहतात. शेंडा खुडला की खालचे दोन-चार डोळे जागे होतात. झाड रुजून दोन-तीन नवी पानं आल्यावर मी पहिल्यांदा शेंडे मारले, मग प्रत्येक नवी फांदी वीतभर झाली की तिचाही शेंडा. काप नेहमी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि मध्ये हवा खेळते. मोठी छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसात. कापावर पाण्याचा फवारा मारला की चीक लवकर थांबतो. मामींच्या रांगेसारखं खालून उघडं पडलेलं जुनं झाडही सुधारता येतं, पण सगळ्या फांद्या एकदम कापायच्या नाहीत. यंदा एक तृतीयांश, त्या फुटल्या की पुढच्या. मामींनीही आता तसं करायला घेतलंय आणि विहिरीच्या वाटेवरची पहिली दोन झाडं कमरेइतकी, खालपासून पानांनी भरलेली झालीत. माझं कुंडीतलं झाड गुडघ्याच्या थोडं वर आहे आणि रुंदीला उंचीपेक्षा जास्त.

दुसऱ्या पावसाळ्यात एक धुमारा पूर्ण हिरवा आला, पिवळ्या शिरांचा, थेट मामींच्या जुन्या झाडासारखा. अशा झाडात दोन प्रकारच्या पेशी एकमेकींवर थर देऊन नांदत असतात, आणि कधीतरी एखाद्या डोळ्यात जुन्या पेशी पुढे येतात. हिरव्या फांदीत हरितद्रव्य जास्त, ती झपाट्याने वाढते आणि बघता बघता सगळं झाड व्यापते. दया दाखवून चालत नाही. तो धुमारा नुसता वरून खुडला नाही, निघाला होता तिथून डोळ्यासकट कापला. उलट बाजूचीही अडचण येते: कधी पूर्ण पिवळी, हिरव्याचा लवलेश नसलेली फांदी येते. दिसायला अप्रतिम, पण ती स्वतःचं अन्न करू शकत नाही, बाकीच्या झाडावर जगते. तीही काढते. हिरवी किनार आणि पिवळं पोट असलेल्याच फांद्या ठेवायच्या, आणि पुढच्या गुट्याही त्यांच्याच बांधायच्या.

किडीत फेब्रुवारी ते मे हा लाल कोळ्याचा काळ. पान निस्तेज दिसतं, जवळून पाहिलं तर सुईच्या टोकाएवढे ठिपके, उलटं केलं तर बारीक जाळी. हवा कोरडी असली की हे वाढतात, म्हणून सकाळी पाइपाने पानांच्या खालून जोरात पाणी मारते. तेवढ्यानेच बहुतेक आटोक्यात राहतात. पिठ्या ढेकूण मात्र पानाच्या बगलेत कापसासारखा बसतो आणि मुंग्या त्याची राखण करतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की आधी पानांच्या बगला तपासायच्या. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढते, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब, संध्याकाळी, आणि आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट बघून. पिवळं पान तेलाने पटकन भाजतं.

चिकाचं आधीच सांगायला हवं होतं, इतकं ते महत्त्वाचं आहे. क्रोटनचा चीक काहींच्या त्वचेला खाज आणतो, डोळ्यात गेला तर आग होते, आणि पान किंवा मूळ चावलं तर तोंडापोटाला त्रास होतो. कपड्यावर पडला तर तपकिरी डाग बसतो. छाटणी हातमोजे घालून करावी, हात साबणाने धुवावेत, आणि रांगतं मूल किंवा पानं चघळणारं मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापुढे ठेवू नये.

यंदा मृगानंतर कुंडीतल्या झाडावरच गुट्या बांधल्या आणि त्या धरल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना एक हवी होती. त्यांची गॅलरी उत्तरेला, समोर दुसरी इमारत. मी त्यांना स्पष्ट म्हटलं, “काकू, तुमच्याकडे ऊन येत नाही, तिथे हे वर्षभरात हिरवं होईल. तुम्हाला माझ्याकडचं अग्लोनिमा देते, ते सावलीत रंग धरतं.” पण त्यांना हे क्रोटनच हवं होतं. शेवटी त्यांनीच तोड काढली: कुंडी त्यांची, पण ठेवायची फाटकाजवळच्या कट्ट्यावर, जिथे सकाळी अकरापर्यंत ऊन असतं, आणि पाणी त्या स्वतः घालणार. अग्लोनिमाही घेऊन गेल्या. फाटकाजवळ वॉचमनचा धाकटा दिवसभर खेळत असतो, म्हणून कुंडी कट्ट्याच्या आतल्या बाजूला, त्याचा हात पोचणार नाही अशी ठेवलीय, आणि त्याच्या आईला चिकाचं समजावून सांगितलंय.